संसाराचा हिशेब : चिंधीचा मसोता आणि श्रमाचे मोल



वर्षावासाचे दिवस आहेत. विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू आहे. बाहेर पावसाची रिपरिप, आणि घरात दोरीवर ओल्या कपड्यांची गर्दी. या दिवसांत घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. स्वयंपाकघरातले फडके वाळतच नाही! एकच फडके सकाळपासून रात्रीपर्यंत ओले. त्यानेच ओटा पुसायचा, त्यानेच ताटे पुसायची, आणि गडबडीत त्यानेच चुलीवरचे पातेले उतरवायचे. दोन दिवसांत त्याला कुबट वास सुटतो. तरीही ते टाकवत नाही, कारण दुसरे नसते.

आणि दुसरीकडे काय दिसते? कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात कातरणीचा ढीग पडलेला. तयार कपड्यांच्या कारखान्यांतून पोतीच्या पोती चिंध्या बाहेर पडतात. म्हणून या वेळच्या हिशेबाला चिंधी घेतली आहे. चिंधीपासून स्वयंपाकघरातल्या साध्या वस्तू कशा शिवाव्यात हे तर सांगायचे आहेच. पण वस्तू शिवणाऱ्या हातांचा हिशेब कोणी ठेवायचा, हा प्रश्नही आज मांडायचा आहे.

चिंधीची लाज कोणाला?

आपल्यापैकी अनेकींना चिंधी, ठिगळ, वाकळ हे शब्द नकोसे वाटतात. त्याला कारण आहे. चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत, असा दंडक मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात घातला आहे. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा आपल्या बापजाद्यांचा ‘हक्क’ म्हणून त्यांच्या पदरात टाकला जात होता. जुनेर अंगावर चढले ते हौसेने नव्हे, ते लादले गेले. म्हणून मुलांना नवे कोरे कापड घ्यावे अशी आपल्या आयांची धडपड असते. ती योग्यच आहे.

परंतु २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले हे आठवा. अस्पृश्यतेची खूण पटवणारा पेहराव टाकून द्या, लुगडे नीट नेसा, अंगावरच्या कथलाच्या दागिन्यांचे ओझे कमी करा. आणि वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, मात्र ते स्वच्छ असले पाहिजे. दूषण ठिगळाला नव्हते. दूषण होते ते घाणीला आणि दुसऱ्याने लादलेल्या खुणेला.

भगवान बुद्धांच्या संघाची गोष्ट तर याहून जुनी. भिक्खूंची वस्त्रे टाकून दिलेल्या कापडांचे तुकडे जोडून केली जात. मगधातील बांध घातलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदाला तशाच आखणीचे चीवर करायला सांगितले, अशी विनयपिटकात नोंद आहे. आजही चीवराकडे नीट पाहिले तर त्यावरचे पट्टे शेताच्या वाफ्यांसारखे दिसतात. वर्षावास संपल्यावर ज्या कठीण चीवराचे दान होते, त्यातला ‘कठीण’ हा शब्द म्हणजे चीवर शिवताना कापड ताणून धरणारी लाकडी चौकट. आणि भिक्खूच्या जवळ ज्या आठ वस्तू असतात, त्यांत भिक्षापात्र आणि वस्तरा यांच्याबरोबर सुईही आहे.

विनयपिटकातच आणखी एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान केली. राजाला प्रश्न पडला, हा भिक्खू एवढ्या वस्त्रांचे करणार काय? दुकान थाटणार काय? आनंदाने शांतपणे उत्तर दिले. ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ती वाटू. मग विरलेल्या चीवरांचे काय? त्यांची पांघरणे करू. जुन्या पांघरणांची गादीची खोळ, जुन्या खोळींची जमिनीवरची बैठक, जुन्या बैठकींची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि ती फडकीही विरली की त्यांचे बारीक तुकडे करून चिखलात मळू आणि त्याने जमीन सारवू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर यापेक्षा चोख साठावही कोणत्या दुकानात सापडणार नाही. आणि आपल्या आज्या तरी वेगळे काय करत होत्या? लुगडे विरले की बाळाची दुपटी, मग गोधडीचा थर, मग मसोता आणि शेवटी पोतेरे.

कातरण निवडताना

शिंप्याकडून कातरण आणली की लगेच शिवायला बसू नका. आधी ती निवडा.

पहिली गोष्ट, सुती कापड आणि सिंथेटिक कापड वेगळे करा. हाताला कळत नसेल तर बोटाएवढी चिंधी चिमट्यात धरा, खाली पाण्याची थाळी ठेवा, मुलांना दूर बसवा आणि काडी लावा. सुती कापड कागदासारखे जळते, कागद जळल्यासारखाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर किंवा नायलॉन आकसते, वितळते आणि निवल्यावर त्याचा कडक मणी होतो. टेरीकॉटमध्ये दोन्ही धागे असतात, त्यामुळे तेही थोडे वितळते. असे वितळणारे कापड गरम भांडे धरायच्या वस्तूत अजिबात नको. ते कातडीला चिकटते. त्याच्या पिशव्या शिवा.

दुसरी गोष्ट, कारखान्याच्या कातरणीत मोडक्या सुयांचे तुकडे आणि टाचण्या असू शकतात. घरात लोहचुंबक असेल तर ढिगावरून फिरवा.

तिसरी गोष्ट, शिवण्याआधी सगळी कातरण गरम पाण्यात भिजवून धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आधी शिवले आणि नंतर आटले तर वस्तू वेडीवाकडी होते. गडद रंग वेगळे भिजवा. ओल्या चिंधीवर पांढरे फडके घासून पाहा. रंग उतरत असेल तर ती अन्नाजवळच्या कामाला घेऊ नका.

वाळल्यावर इस्त्री फिरवा आणि तीन ढीग करा. वीतभर मोठे तुकडे, हाताच्या पंज्याएवढे तुकडे आणि लांब पट्ट्या.

१) मसोता

मसोत्याला नवे कापड नको. जुनी सुती साडी, धोतर किंवा विरलेली चादर यांचे कापड मऊ असते आणि पाणी चांगले शोषते. १३ इंची दोन चौकोन कापा. सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवा आणि अर्धा इंच आतून चारही बाजूंनी टीप मारा. मात्र एका बाजूला तीन बोटे जागा उघडी ठेवा. त्या जागेतून उलटवा, कोपरे सुईने बाहेर काढा आणि उघडी जागा शिवून टाका. आता १२ इंचांचा मसोता झाला. मध्ये उभे-आडवे दोन-दोन धावदोरे घाला, म्हणजे धुताना आतले कापड गोळा होणार नाही. मशीन नसेल तर सगळे काम हाताने होते. कडेला तेवढी उलटी टीप घाला, ती पक्की बसते.

किती शिवायचे? निदान सहा. दोन वापरात, दोन धुण्यात, दोन कोरडे. ओट्याचा मसोता आणि ताटांचा मसोता यांच्या कडेला वेगवेगळ्या रंगाचा दोरा घाला, म्हणजे घरातल्या सगळ्यांना, पुरुषांनासुद्धा, कोणता कशाचा हे कळेल! आठवड्यातून एकदा सगळे मसोते धुण्याचा सोडा टाकून दहा मिनिटे उकळा. पावसात उन्हाची वाट पाहू नका. घट्ट पिळून पंख्याखाली, मोकळ्या हवेत एकेक पसरून टाका. एकावर एक घातलेली फडकी वाळत नाहीत.

२) गरम भांडे धरायची पकड

ही वस्तू आज सर्वांत महत्त्वाची. पदराने भांडे उतरवायची आपल्या बायकांची सवय मोडली पाहिजे. पदर पातळ, बहुतेक वेळा सिंथेटिक, आणि त्याचे टोक ज्योतीवर लोंबकळते. एका क्षणात पेट घेतो. दहा मिनिटे सुई चालवायची टाळली म्हणून जिवावर बेतावे, असा व्यवहार कोण करील?

पंज्याएवढे साडेचार इंची चार चौकोन घ्या. दोन-दोन जोडा, मग दोन्ही जोड एकमेकांना जोडा. अर्धा इंच शिलाईत जाऊन बरोबर ८ इंचांचा चौकोन मिळतो. असे दोन चौकोन करा, एक वरचा आणि एक खालचा. मध्ये घालायला ८ इंची दोन तुकडे, जुन्या टॉवेलचे किंवा जाड सुती चादरीचे. फोम किंवा प्लॅस्टिकचा कागद आत कधीही घालू नका. चारही थर एकावर एक ठेवून मधोमध टाके घाला आणि दीड-दीड इंचावर तिरपे धावदोरे घाला, गोधडीला घालतो तसे. मशीनवर शिवत असाल तर १६ नंबरची सुई लावा, बारीक सुई एवढ्या थरांत मोडते. शेवटी दोन इंच रुंद आणि ३८ इंच लांब पट्टी कडेने फिरवून गोट लावा. पट्टी लहान तुकडे जोडून केली तरी चालते. उरलेल्या टोकाचा कोपऱ्यावर फासा करा, म्हणजे खिळ्याला अडकवता येते.

अशा दोन पकडी शिवा, दोन हातांना दोन. खिळा चुलीपासून दूर, बाजूच्या भिंतीवर मारा. आणि एक लक्षात ठेवा, पकड ओली असेल तर वापरू नका. ओल्या कापडातून उष्णता लगेच हाताला पोचते आणि वाफेने पोळते. एवढे करूनही पोळलेच तर पोळलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नका. जखम मोठी असेल तर दवाखाना गाठा.

३) चुंबळ आणि भांड्याखालची बैठक

लांब पट्ट्यांचा ढीग यासाठी आहे. एकेकाळी पाण्याच्या हंड्याखाली डोक्यावर चुंबळ असे. आज ती माठाखाली किंवा गोल बुडाच्या कळशीखाली ठेवता येते. दोन इंच रुंद पट्ट्या एकमेकींना जोडून तीन लांब पट्ट्या करा आणि त्यांची घट्ट वेणी घाला. वेणी घालताना लांबी सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी होते, म्हणून पट्ट्या नऊ फुटांच्या घ्या, सहा फूट वेणी मिळते. ती भांड्याच्या बुडाएवढ्या गोलात गुंडाळून टाके घातले की चुंबळ. आणि मध्यापासून चकलीसारखी सपाट गुंडाळत, प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्याला शिवत गेले की गरम पातेल्याखाली ठेवायची बैठक. वेणी पाऊण इंच रुंद असेल तर सहा फुटांत साधारण आठ इंचांची बैठक होते. याला मशीन लागतच नाही. विहारात वाचन ऐकता ऐकता हात चालू राहतात.

४) पोळीचे फडके आणि बाजाराची पिशवी

पोळ्या-भाकऱ्या गुंडाळायला १८ इंची मऊ, पांढरे किंवा फिके सुती कापड घ्या. चारही कडा दुमडून हेम घाला. यात जोड नको, कारण जोडात ओल आणि पीठ अडकते.

टेरीकॉटच्या तुकड्यांची १४ बाय १६ इंचाची पिशवी शिवा. बंद दोन-दोन फुटांचे घ्या, आणि बंद जिथे पिशवीला लागतो तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारा. पिशव्या फाटतात त्या नेमक्या तिथेच. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. चौदा एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आपली माणसे पुस्तके विकत घेतात. ती कापडी पिशवीतून घरी यावीत.

आता हिशेब

या वस्तू घरापुरत्या शिवल्या तर प्रश्न नाही. पण हात बसला की कोणीतरी व्यापारी दारात येतो. “ताई, माल मी देतो, तुम्ही घरबसल्या शिवा, डझनावर पैसे.” घरबसल्या हा शब्द गोड लागतो. म्हणून वही उघडा.

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी आपल्या गावचे घाला. समजा वर सांगितलेली तुकडेजोड पकड शिवायला कापण्यापासून गोटापर्यंत ४० मिनिटे लागतात. डझनाला आठ तास, म्हणजे पुरा एक दिवस झाला. व्यापारी नगाला १० रुपये देतो, डझनाचे १२० रुपये. दोरा, सुई, मशीनचे तेल तुमचे, त्याचे १५ रुपये वजा. उरले १०५. आठ तासांनी भागा. तासाला तेरा रुपये आले. नाक्यावर बिगारी कामाला जी हजेरी मिळते तिच्याशी हा आकडा ताडून पाहा आणि मग होय म्हणा की नको म्हणा.

आता स्वतः विकायचे ठरवले तर? समजा कातरण किलोला ६० रुपये. गळतीसह किलोत ३० पकडी बसतात, म्हणजे नगाला २ रुपये. आतल्या थराचे ३, दोरा-सुईचे २. एकूण ७ रुपये. इथे बहुतेक भगिनी थांबतात आणि म्हणतात, “सात रुपयांत पडली, पंधराला विकली, आठ रुपये नफा!” तो नफा नव्हे. ती तुमची मजुरी आहे, तीही अपुरी. तुमच्या तासाची किंमत ६० रुपये धरली तर ४० मिनिटांचे ४० रुपये झाले. पकड पडली ४७ रुपयांना. एवढ्याला गिऱ्हाईक मिळेल काय? कठीण आहे.

पण तीच पकड तुकडे न जोडता, वीतभर अखंड तुकड्यांची केली तर २० मिनिटांत होते. मजुरी २०, माल ७, एकूण २७. ती तीस रुपयांना विकली तर मजुरीही पडते आणि तीन रुपये गल्ल्यात राहतात. म्हणजे तुकडेजोड पकड घरासाठी, आणि अखंड तुकड्यांची विक्रीसाठी. हिशेब मांडल्याशिवाय हे कळत नाही. बाजारात पकड याहून स्वस्त मिळत असेल तर समजा की तिच्या किमतीतून बहुधा कुणाच्यातरी बहिणीची मजुरी कापली गेली आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, तिचे विधेयक त्यांनीच मांडले होते. कामाचे तास मोजले जावेत यासाठी ते झगडले. घरात शिवणाऱ्या बाईला मात्र भोंगा नाही आणि हजेरीपटही नाही. मग तिने स्वतःच घड्याळ पाहून वहीत लिहायला हवे. पाच रकाने पुरेत. तारीख, कापड किती, नग किती, तास किती, विक्री किती. चार-पाच जणींनी मिळून पोते विकत घेतले तर पैशांची वाटणी तासांच्या प्रमाणात करा आणि वही सर्वांसमोर वाचा. बचत गटातली बहुतेक भांडणे पैशांवरून कमी आणि न लिहिलेल्या वहीवरून जास्त होतात.

सुई कोणाच्या हाती?

शेवटी एक विनंती. हे काम आले की घरातल्या मुलीला हाक मारू नका. तिच्या अभ्यासाच्या वेळेतून एक टाकासुद्धा घेऊ नका. दहावी-बारावीची मुलगी पकडीचे गोट लावत बसली आणि तिचा भाऊ क्रिकेट खेळायला गेला, तर आपण बाबासाहेबांचे नाव कोणत्या तोंडाने घ्यायचे? सुटीच्या दिवशी मुलगा-मुलगी दोघांनाही सुईत दोरा ओवायला शिकवा. बंधूंनो, आपणही शिका. भिक्खू आपले चीवर आपल्या हाताने शिवत होते. सुई धरल्याने पुरुषपणा जात असता तर ती त्या आठ वस्तूंत कशाला असती?

या पौर्णिमेला विहारात येताना प्रत्येकीने मूठभर धुतलेली कातरण, एक सुई आणि एक दोऱ्याची रीळ आणावी. वाचन झाल्यावर तासभर बसू. पहिली पकड विहाराच्या स्वयंपाकघरासाठी, दुसरी आपल्या घरासाठी. आणि वहीचे पहिले पान त्याच दिवशी आखू.

जयभीम! नमो बुद्धाय!